बाळापूरच्या गाडीचं पॅडल

दसरा होऊन आठवडा उलटला होता. सोमवारी सकाळी हिंगोलीच्या वर्कशॉपमध्ये कंपनीचं पत्र आलं आणि त्याच्यासोबत नऊ नव्या पॅडलांचं खोकं. पत्र दोन पानी होतं, पण त्यातला मुद्दा चार ओळींचा होता. जिल्ह्यातल्या नऊ रुग्णवाहिकांची ॲक्सिलरेटरची पॅडलं सदोष असण्याचा संभव आहे. आतली प्लॅस्टिकची बुशी, म्हणजे खिळ्याभोवतीचं कडं, उन्हानं फुगते, मग दाबलेलं पॅडल दाबलेलंच राहतं, वर येत नाही. तरी शनिवारच्या आत सगळी बदलावीत, जुनी पिशवीत बंद करून परत पाठवावीत आणि प्रत्येक गाडीचा फॉर्म भरावा.

काम विजयकुमारकडे आलं. अठरा वर्षं गाड्यांखाली घालवलेला माणूस. त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "गाडी खोटं बोलत नाही, बोलतो तो ड्रायव्हर." वर्कशॉपमधली पोरं त्याच्या माघारी त्याची नक्कल करायची, पण कुठली गाडी अडली की त्यालाच हाक मारायची. तो आधी मोजायचा आणि मग बोलायचा. बहुतेक वेळा मोजून झाल्यावर बोलायची गरजच उरायची नाही.

फॉर्म मात्र गमतीशीर होता. त्यात एक रकाना होता, 'वाहन चालवताना चालकाच्या पायातील पादत्राण'. त्याच्याखाली 'चालकाच्या उजव्या पायाचा आकार, कागदावर रेखाटून जोडावा'. फॉर्म करणाऱ्यानं हिंगोली जिल्हा नकाशात तरी पाहिला होता की नाही कोण जाणे. इकडे गाडी म्हणजे लक्ष्मी. ड्रायव्हर चप्पल दाराशी काढतो, सीटमागं सारतो आणि अनवाणी पायानं गाडी हाकतो. एकेका ड्रायव्हरचा पाय कागदावर ठेवून विजयकुमारनं भोवतीनं पेन्सिल फिरवली, आणि पादत्राणाच्या रकान्यात ओळीनं आठ वेळा 'नाही' लिहिलं.

आठही पॅडलांत दोष निघाला. कुठं थोडा, कुठं जास्त, पण बुशी सगळ्यांची फुगलेली. म्हणजे पत्र खरं होतं. शुक्रवारी सकाळी कळमनुरीची गाडी आटोपली तेव्हा तिथला ड्रायव्हर खेमा चहा पाजताना म्हणाला, "आता बाळापूरला जाऊन राहिले का?"

"हो. शेवटची तीच राहिली."

"जा. पण तिच्यात बसताना बूट काढा साहेब." एवढं म्हणून तो हसला, आणि हसता हसता दुसरीकडं बघायला लागला. विजयकुमारच्या पायात कंपनीचे जाड काळे बूट होते. तेही नियमात होते.

आखाडा बाळापूरला पोचायला अकरा वाजले. सोयाबीन निघायचे दिवस, बाजाराकडं ट्रॉल्यांची रांग लागली होती. दवाखान्यामागं लिंबाखाली ती गाडी उभी होती. पुढचा बंपर डाव्या अंगाला चेपलेला, त्यावर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून काटकी झालेला. एक पन्नाशीचा माणूस फडक्यानं काच पुसत होता. हाच संतराम, या गाडीचा ड्रायव्हर. महिन्यापूर्वी त्याला निलंबित केलं होतं. तरी तो रोज दहाला यायचा, गाडी पुसायचा आणि पाचला घरी जायचा. नोकरीवरून काढता येतं माणसाला, सवयीवरून कोण काढणार?

काय झालं होतं ते विजयकुमारला अर्धंमुर्धं ठाऊक होतं. भाद्रपदात एका बाळंतिणीला नांदेडला नेताना ही गाडी वारंगा फाट्यावर थांबली नाही. फाट्यावर चारी बाजूंची वाहनं, माणसं, हातगाडे. तिथं गाडी हळू होणारच. ही झाली नाही. चहाच्या टपरीचं छप्पर घेऊन गेली. सुदैवानं कुणाला खरचटलं नाही. पण कुणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण गावोगाव फिरलं आणि संतराम घरी बसला.

"पाय वर व्हता साहेब," संतराम म्हणाला. विचारायच्या आधीच म्हणाला. "लेकराची आण. माझा पाय पॅडलवर न्हवताच. दोन्ही पाय ब्रेकवर रोवून उभाच ऱ्हायलो व्हतो म्हणा ना."

"आणि पेशंट?"

"वाचली. बाळ बी वाचलं. तिथले डॉक्टर म्हणले, धा मिंटं उशीर केला असता तर दोघं बी गेले असते." तो फडकं पिळत राहिला. "सोमवारी चौकशी हाय. सतरा वर्सं झाली नोकरीला. तुमच्या कागदावर पॅडल खराब निघालं तर मी सुटलो. न्हाई निघालं तर घरी."

"जे असेल ते निघेल," विजयकुमार म्हणाला. त्याला संतरामची दया आली होती, पण दया आली म्हणून स्क्रू-गेज वेगळा आकडा दाखवत नाही.

त्यानं पॅडल सोडवलं, सतरंजीवर घेतलं, उघडलं. बुशी पाहिली. मोजली. परत मोजली. मग उन्हात अर्धा तास ठेवून तिसऱ्यांदा मोजली.

बुशी तसूभरही फुगलेली नव्हती. स्प्रिंग ताठ होती, खिळा स्वच्छ होता. दाबलं की खाली, सोडलं की टिचकीसरशी वर. शंभर वेळा दाबून पाहिलं, शंभर वेळा वर आलं. नवांपैकी आठ पॅडलं खराब, आणि ज्या एका गाडीनं टपरी पाडली तिचंच पॅडल धडधाकट. हे विजयकुमारला पटलं नाही, पण समोर होतं.

एक गोष्ट तेवढी वेगळी होती. पॅडलवरचं रबर झिजलं होतं, ते भलत्याच ठिकाणी. बाकीच्या आठांची झीज मधोमध, पसरट, ड्रायव्हरच्या चवड्याएवढी. इथं ती खालच्या कोपऱ्यात, लहानशी होती. वर पाच बारीक खळगे, आणि दुसऱ्या खळग्याखाली रबराला एक अर्धगोल चीर, कड्यानं काचल्यासारखी. त्यानं संतरामच्या पायाचा काढलेला आकार त्यावर धरून पाहिला. संतरामचा पाय फताडा, चांगला दहा नंबरचा. कुठूनही जुळेना. त्यानं फॉर्मवर 'झीज असमान' असं लिहिलं, पॅडल पिशवीत घालून पिशवी बंद केली आणि गाडीची वही मागितली.

वही जनकाबाई सिस्टरनं आणून दिली. निवृत्तीला वर्षभर राहिलेली, बारीक चणीची, करकरीत इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतली बाई. बाळापूरच्या निम्म्या पोरांना पहिली चापट हिनंच मारलेली. ती वही देऊन गेली नाही, तिथंच उभी राहिली.

गेल्या दोन वर्षांत संतरामनं वहीत सात वेळा लिहिलं होतं, 'पॅडल आपोआप दबले.' विजयकुमारनं सातही तारखा कागदावर उतरवल्या. ऊन बघावं तर दोन थंडीतल्या होत्या, एक भर पावसातली. वजन बघावं तर कधी गाडीत तिघं, कधी सात. रस्तेही वेगळे. मग त्यानं पेशंटचा रकाना पाहिला. सातही वेळा एकच शब्द होता. प्रसूती.

त्यानं वही उलटी चाळली. सर्पदंश, अपघात, फवारणीचं विष पोटात गेलेले, छातीत दुखणारे. सहाशेवर फेऱ्या. त्यांत एकदाही पॅडल आपोआप दबलं नव्हतं.

इथं विजयकुमारला उत्तर सापडलं, आणि त्याला मनापासून बरं वाटलं. "हे बघा," तो संतरामला म्हणाला, "मागं बाई कळवळत असते, ओरडत असते. तुमचा जीव घाबरा होतो. पाय आपसूक दाबतो, तुम्हाला कळतही नाही. होतं असं. पण त्यात गाडीची चूक नाही."

संतरामनं मान खाली घातली. "म्हंजे तसंच लिवनार तुमी."

"जे आहे ते लिहिणार."

"सातीच्या साती जगल्या साहेब," जनकाबाई एकदम बोलली. "हे बी लिवा. गाडी पळाली त्या सातीच्या साती जगल्या."

"मग सिस्टर, तुमचं काय म्हणणं? कोण दाबतं?"

तिनं गाडीकडं पाहिलं. "कोण म्हणून सांगू? नऊ वर्सांत हिच्यात किती बाया नेल्या. काई घरी गेल्या, काई न्हाई गेल्या."

विजयकुमारनं पाना उचलला. नवं पॅडल बसवायला वीस मिनिटं लागली. तो उठतो न उठतो तोच जनकाबाई करंडा घेऊन आली, दारातून वाकली आणि नव्या काळ्या रबरावर हळद आणि ओलं कुंकू लावलं. दसऱ्याला गाडीचा एकेक भाग पुजतात, पॅडल सुटत नाही. नवा भाग आला म्हणजे तर पूजा ठरलेलीच. विजयकुमारनं हरकत घेतली नाही. कुंकवानं सेन्सर बिघडत नाही.

साडेबारा झाले होते. तो पॅडल कसून बघत असतानाच दवाखान्याच्या दाराशी एक जीप येऊन थांबली, धावपळ झाली, आणि पाचेक मिनिटांत डॉक्टर स्वतः लिंबाखाली आले. पोरसवदा होते, कपाळ घामानं डबडबलेलं.

"गाडी चालू आहे का?"

"आत्ताच बसवलं. टेस्ट ड्राइव्ह राहिली आहे."

"मग आत्ताच करा. पहिलटकरीण आहे, बीपी फार वाढलंय, नांदेडला न्यायलाच हवं. दुसरी गाडी हिंगोलीला गेली, बदली ड्रायव्हर तिच्यावरच आहे. आणि यांना" — त्यांनी संतरामकडं पाहिलं — "चालवायची परवानगी नाही."

विजयकुमारनं नाही म्हणायचं कारण शोधलं. सापडलं नाही. त्याच्याकडं परवाना होता, गाडी तपासलेली होती.

स्ट्रेचरवर मुलगी होती प्रतिक्षा नावाची, वीस-एकवीसची. तोंड सुजलेलं, हात सुजलेले. तिची सासू अनुसयाबाई पायांकडून स्ट्रेचर धरून चालत होती. पाय तर दगडी जात्याच्या पाळूसारखे टणक झाले होते. स्ट्रेचर आत सारताना विजयकुमारनं पायाची बाजू उचलली, म्हणून ते पाय त्याला अगदी जवळून दिसले. डाव्या पायाची बोटं मोकळी होती. उजव्या पायाच्या मधल्या बोटात चांदीची मासोळी मांसात रुतून बसली होती. माशाची शेपटी एका बाजूनं तुटलेली.

"ही एकच निघंना सिस्टर," अनुसयाबाई म्हणाली. "बाकीची समदी काढली. साबण लावला, तेल लावलं. ओढलं की बोंबलती."

"ऱ्हाऊ द्या. तिथं कापून काढतेत," जनकाबाई म्हणाली आणि आत चढली.

प्रतिक्षानं डोळे उघडले. समोर विजयकुमारच होता. "भाऊ," ती म्हणाली, "लवकर नेता ना?"

"नेतो ताई," तो म्हणाला.

तो स्टेअरिंगवर बसला. रस्ता दाखवायला संतराम शेजारी बसला. चप्पल त्यानं दाराशी काढून हातात घेतली होती. विजयकुमारच्या पायांकडं बघून तो हळूच म्हणाला, "बूट काढता का साहेब?"

"कशाला?"

"तशीच आपली पद्धत हाय म्हणून."

विजयकुमारनं किल्ली फिरवली. बाळापूर मागं पडेपर्यंत गाडी गुणी पोरासारखी चालली. पॅडल नवं, हलकं, पायाच्या इशाऱ्याला लगेच दाद देणारं. साठावर काटा स्थिर. त्याच्या मनात आलं, की सोमवारपर्यंत संतरामसाठी काही चांगले शब्द फॉर्मच्या शेवटी घालता येतील. सतरा वर्षांची सेवा, मागची स्वच्छ वही, असं काहीतरी.

मागून प्रतिक्षाचा आवाज आला. ओरडणं नव्हतं ते, दात आवळून धरलेला हुंकार होता. त्याच वेळी त्याच्या उजव्या बुटावर वजन आलं.

भरलेल्या एसटीत शेजारच्या बाईचा पाय चुकून आपल्या पायावर पडतो, तेवढंच वजन. तसं हलकंच. पण ती बाई पाय उचलते. हा पाय उचलला गेला नाही.

पॅडल खाली गेलं. काटा सत्तरवर आला.

विजयकुमारनं खाली पाहिलं. त्याचा बूट आणि पॅडल, बाकी काही नाही. त्यानं पॅडलवरून बूट ओढून काढला. काढताना जोर लावावा लागला. बूट मोकळा झाला आणि पॅडल तसंच खाली राहिलं. पंच्याऐंशी.

"आली का?" संतरामनं समोर बघतच विचारलं.

विजयकुमार म्हणाला, "नवीन आहे हे. मी बसवलंय. मी मोजलंय."

"व्हय. आता पाय वरच ठेवा. नुसतं स्टेअरिंग सांभाळा, हॉर्न मी मारतो. वळणावर ती आपसूक सोडती, बघा तुमी."

आणि खरंच, पुढच्या वळणावर पॅडल थोडं वर आलं. वळण संपल्यावर पुन्हा खाली गेलं. रस्त्यावरच्या ट्रॉल्या त्यानं डावीउजवीकडून कापल्या. रस्ता माहीत असलेल्या माणसासारखी गाडी चालली होती. विजयकुमारचे दोन्ही पाय हवेत होते. त्याला आयुष्यात कधी एवढी भीती वाटली नव्हती.

वारंगा फाटा दिसायला लागला. पंच्याण्णव.

फाट्यावर सोयाबीनची एक ट्रॉली आडवी वळत होती. तिच्यापलीकडं माणसं, टपऱ्या, उभी एसटी.

"फट हाय डावीकडून," संतराम म्हणाला. "ती काढती बराबर. तुमी फकस्त—"

"नाही."

"साहेब, भाद्रपदात बी अशीच—"

"टपरी पाडली होती तिनं!"

विजयकुमारनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. गाडी थरथरली, पण पळत राहिली. मग त्यानं तेच केलं जे नियमात लिहिलेलं आहे आणि जे त्यानं आठही ड्रायव्हरांना या आठवड्यात शिकवलं होतं. पॅडल अडकलं तर इंजिन बंद करा. त्यानं किल्ली उलटी फिरवली.

गाडी घसरत ट्रॉलीच्या चार हात अलीकडं उभी राहिली. कुणाला काही लागलं नाही. नियमाप्रमाणं सगळं बरोबर झालं होतं.

पॅडल टिचकीसरशी वर आलं.

मागून जनकाबाई ओरडली, "काहून थांबले? हितं थांबू नका!"

त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. सेल्फ मारला, इंजिन लागेना. परत मारला. परत. त्यानं बॉनेट उघडलं. वायरी पाहिल्या, फ्यूज पाहिले. सगळं जागच्या जागी. फाट्यावरची माणसं भोवती जमली. आतून बाळ रडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. अनुसयाबाई मोठ्यानं म्हणाली, "पोरगी झाली!" त्या एका क्षणी विजयकुमारला वाटलं, निभावलं.

मग जनकाबाई मागच्या दारात आली. कोपरापर्यंत तिचे हात लाल होते.

"रक्त थांबंना," ती म्हणाली. ती ओरडली नाही. "पळवा."

अकरा मिनिटं. विजयकुमारनं घड्याळ पाहिलं होतं. मोजायची सवय वाईट. अकराव्या मिनिटाला किल्ली फिरवताच इंजिन लागलं, जणू कधी बिघडलंच नव्हतं.

त्यानं पॅडल दाबलं. सत्तर, ऐंशी, नव्वद. सगळं त्यानंच, त्याच्याच पायानं. तो वाट बघत होता. बुटावर वजन यावं म्हणून वाट बघत होता. मनातल्या मनात हात जोडत होता. पॅडल हलकं होतं, जसं कंपनीनं बनवलं तसं.

संतराम हॉर्न वाजवत राहिला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता न्हाई येत ती." आणि रडायला लागला.

नांदेडच्या दवाखान्याच्या फाटकातच प्रतिक्षा गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, वाटेत किती वेळ गेला. विजयकुमारनं सांगितलं. त्यांनी कागदावर आकडा लिहिला. पोरगी चांगली होती. अनुसयाबाई तिला पदरात घेऊन भिंतीशी बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "रस्त्यात गाडी बंद पडली. काय करावं मग."

बंद पडली नव्हती. बंद केली होती. हे तिला सांगायचं म्हणून विजयकुमार दोनदा तिच्यापर्यंत गेला आणि दोनदा परत आला.

तो बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसला. भर दुपारचं ऊन होतं. पाण्याच्या बाटलीनं तो हात धूत होता तेव्हा त्याचं लक्ष उजव्या बुटाकडं गेलं. बुटाच्या तळाला कुंकू लागलं असणार, ते ठीकच. पण कुंकू वरही होतं. बुटाच्या टोकावर, काळ्या कातड्यावर, पाच ठिपके. एका ओळीत, मोठ्यापासून लहानापर्यंत. पाचही मिळून त्याच्या तळहातात मावले असते.

मग त्यानं बूट काढले आणि अनवाणी पायानंच गाडी बाळापूरला आणली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, डोकं थंड असताना त्यानं नववा फॉर्म भरला. 'जुन्या पॅडलमधील दोष: आढळला.' 'चालकाचा दोष: नाही.' पहिल्या ओळीत खोटं होतं, दुसरीत खरं. अठरा वर्षांतली त्याची ही पहिली खोटी ओळ. सोमवारी संतराम सुटला. फोनवर त्याला धड बोलता येईना. "तुमचे उपकार—" एवढं म्हणून तो थांबला, कारण दोघांनाही ठाऊक होतं, उपकार कुणाच्या जिवावर झाले होते. वर्कशॉपच्या दिपकनं नऊ पिशव्या कंपनीला रवाना केल्या. कंपनीकडून पोच आली. त्यापुढं काही आलं नाही.

जानेवारीत बाळापूरची गाडी सर्व्हिसिंगला हिंगोलीला आली. कडाक्याची थंडी होती, वर्कशॉपची फरशी पायाला झोंबत होती. संतराम गाडी लावून खाली उतरला आणि किल्ली त्यानं विजयकुमारच्या हाती दिली. अंगावर नवा स्वेटर, तोंडावर तकाकी.

"कशी चालते?" विजयकुमारनं विचारलं. विचारायला त्याला तीन महिने लागले होते.

"झ्याक. तीन महिन्यांत दोनदा पळाली." संतरामनं आवाज उतरवला. "दोन्ही डाव बाळंतिणीच. दोघी बी घरी गेल्या. पन साहेब, एक सांगू का? आदीची वळणावर सोडायची. ही न्हाई सोडत. ही लई घाईची हाय."

"ही?"

संतराम गडबडला. "गाडी वो. गाडीचंच म्हणून राहिलो." एवढं बोलून तो चहाला गेला.

विजयकुमारनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि बॅटरी घेऊन खाली वाकला. तीन महिन्यांत रबर एवढं झिजायला नको होतं. मध्यभागी संतरामच्या फताड्या पायाची पुसट झीज होती. खालच्या कोपऱ्यात पाच खळगे होते. बारीक नव्हते ते. जाड, एकमेकांना चिकटलेले, सुजल्या बोटांचे असावेत तसे. दुसऱ्या खळग्याखालची अर्धगोल चीर कुठंच नव्हती. मधल्या खळग्याखाली रबरात एक मासा उमटला होता, नखाएवढा. डोळा, खवले, सगळं स्पष्ट. शेपटी एकाच बाजूला होती.

त्यानं बॅटरी विझवली. दूर कुणीतरी चाकाचे नट सोडवत होतं, त्याचा ठणठणाट येत होता. सर्व्हिसिंगचा फॉर्म शेजारच्या सीटवर पडला होता, त्याच जुन्या नमुन्याचा, पादत्राणाच्या रकान्यासकट.

विजयकुमारनं बूट काढले, मोजे काढले आणि दाराशी नीट लावून ठेवले. तो सीटवर चढून बसला. इंजिन बंद होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. बसताना त्यानं ती हातानं चाचपून पाहिली. त्यानं उजवा पाय पॅडलवर ठेवला, कोपऱ्यातली जागा सोडून, आणि डोळे मिटले.

"ताई," तो म्हणाला, "मीच बंद केली होती."

बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या पायावर वजन आलं. जड होतं, आणि उबदार. पॅडल हळूहळू तळापर्यंत गेलं. त्याच्या मधल्या बोटाला काहीतरी टोचलं, तुटक्या शेपटीच्या टोकाएवढं, आणि टोचतच राहिलं.